सावड आणि वेठ

कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने राहणाऱ्या माणसाला घड्याळापेक्षा सहप्रवाशांवर अधिक भरवसा ठेवावा लागतो. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या स्थानकांवर गाडी किती वाजता येणार हे फलकावर लिहिलेले असते; ती या क्षणी कोठे आहे हे मात्र अनेकदा मोबाइलवरून कळते, आणि तेही रेल्वेकडून कळतेच असे नाही. सचिन टेके यांनी तयार केलेले 'एम-इंडिकेटर' हे अ‍ॅप मुंबई परिसरातील प्रवाशांना ठाऊक आहे. त्यात वेळापत्रकाबरोबर प्रवाशांनी एकमेकांना कळवण्याचे एक पानही आहे. आमच्यापैकी एकाने एका पावसाळी सकाळी ते पान सहज वाचून काढले. कोणी लिहिले होते, 'जलद कर्जत वांगणीला उभी'. कोणी लिहिले होते, 'बदलापूरला फलाट बदलला, पूल चढा'. एकाने फक्त 'निघाली' एवढेच टंकले होते. कोण निघाली, कोठून निघाली, हे सांगण्याची त्यास गरज वाटली नव्हती आणि वाचणाऱ्यांस विचारण्याचीही नव्हती.

आम्ही मराठीचे अध्यापक असल्याने हा तीन अक्षरी मजकूर आम्हांस एक उत्तम संहिता वाटली हे कबूल केले पाहिजे. परंतु त्याहून मोठे कोडे वेगळेच आहे. गाडी वांगणीला उभी आहे हे ज्याला ठाऊक आहे तो बहुधा त्या गाडीतच बसलेला असतो. त्या माहितीचा त्याला स्वतःला काडीचाही उपयोग नाही. त्याला पैसे मिळत नाहीत. त्याचे खरे नाव तेथे नाही, म्हणून कीर्तीही नाही. एका हाताने वरची कडी धरून, पाठीवरची पिशवी छातीशी घेऊन, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तो हे का लिहितो?

अभ्यासकांनी या व्यवहारास 'सामाजिक संगणन' असे अवजड नाव दिले आहे. अनेक माणसांनी संगणकाच्या साहाय्याने एकत्र येऊन माहिती, मते वा मदत यांची देवघेव करणे, एवढाच त्याचा अर्थ. विकिपीडियाचे लेख, नकाशांवरील नोंदी, ग्राहकांनी दिलेले अभिप्राय, गृहसंकुलांचे व्हॉट्सअ‍ॅप समूह हे सारे त्यात येते. २००६ साली 'टाइम' साप्ताहिकाने वर्षातील महत्त्वाची व्यक्ती म्हणून 'तुम्ही' अशी निवड केली होती ती याच मंडळींची. तेव्हाचा तो उत्साह आज जरासा भाबडा वाटतो. असो. प्रश्न मात्र जुना झालेला नाही, आणि आमच्यापुढे तो पुस्तकातून आला नाही. तो आमच्या एका फजितीतून आला, म्हणून ती आधी सांगतो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आज त्यात नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत, आणि त्यांतील बरेच दोन-चार ओळींचे आहेत हेही खरे. भाषा पंधरवड्याच्या निमित्ताने अनेक महाविद्यालयांत विकिपीडियाच्या कार्यशाळा होतात, तशी काही वर्षांपूर्वी आम्हीही घेतली. संगणक कक्ष मिळवला, युनिकोड टंकलेखनाचे प्रात्यक्षिक दिले, आणि विद्यार्थ्यांनी यावे म्हणून अंतर्गत मूल्यमापनाचे दहा गुण त्यास जोडले. प्रत्येकाने एका मराठी लेखकावर तीनशे शब्दांचा लेख लिहावयाचा होता. बेचाळीस विद्यार्थी आले. दोन तासांत बेचाळीस लेख तयार झाले. आम्ही छायाचित्रे काढली आणि कृतार्थ होऊन घरी गेलो.

चौथ्या दिवशी त्यांतील बहुतेक लेख नाहीसे झाले होते. मजकूर इतर संकेतस्थळांवरून उचलून चिकटवलेला होता. एका लेखात तर मूळ संकेतस्थळावरील 'हेही वाचा' ही सूचनादेखील आली होती. विकिपीडियावरील कोणा जुन्या सदस्याने एकेक पान तपासून प्रताधिकारभंगाची खूण केली होती, आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या चर्चापानावर न चिडता, सभ्य भाषेत, नकल का चालत नाही हे समजावून सांगितले होते. संपादनांच्या वेळा आम्ही पाहिल्या. हे काम त्याने, किंवा तिने, रात्री अकरा ते अडीच या वेळेत लागोपाठ दोन रात्री केले होते. त्यास त्याचे दहा गुण मिळणार नव्हते.

आम्ही विद्यार्थ्यांस खडसावले. तेव्हा वांगणीहून येणारी एक मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, ते कोण वाचणार आहे? गाडीचं टाकलं तर पुढच्या स्टेशनवर कोणीतरी थांबलेलं असतं."

त्या दिवशी आम्ही तिला उद्धट ठरवले. पुढे वाचन करू लागलो तसे लक्षात आले की आमच्या वाचनाचा निम्मा सारांश तिने आधीच सांगितला होता.

ओडेड नोव्ह या संशोधकाने २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या १५१ लेखकांना ते का लिहितात असे विचारले होते. दोन कारणे सर्वांत वर आली. एक, लिहिण्यात मजा वाटते. दोन, ज्ञान सर्वांना मोकळे असावे असे वाटते. मात्र मजा वाटणारे अधिक वेळ देत होते. तत्त्व उच्च स्वरात सांगणारे प्रत्यक्षात अधिक वेळ देतातच असे आढळले नाही. मराठीच्या सभासंमेलनांस जाणाऱ्यांना यात नवल वाटू नये. मातृभाषेसाठी प्राण द्यावयास तयार असलेली किती तरी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांतील एकाकडून पुस्तकाचे मुद्रितशोधन करून घेणे किती कठीण असते हेही पाहिले आहे.

मजा वाटते हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. कशात मजा वाटते? येथे दुसरा एक अभ्यास उपयोगी पडतो. ऑक्टोबर २००५ मध्ये चीनच्या सरकारने चिनी विकिपीडियाचा मार्ग देशात बंद केला. तैवान, सिंगापूर, हाँगकाँग वा अन्यत्र राहून चिनी भाषेत लिहिणाऱ्यांस कोणतीही आडकाठी नव्हती. उलट लिहिणारे कमी झाल्याने करण्यासारखे काम वाढलेच होते. झांग आणि झू या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसते की ज्यांच्यावर बंदी नव्हती त्यांचेही लेखन सरासरी ४२.८ टक्क्यांनी घटले. वाचणारे गेले, तसा लिहिणाऱ्यांचा हात थांबला. वांगणीच्या मुलीचे म्हणणे याहून वेगळे काय होते?

तिसरी गोष्ट मिनेसोटा विद्यापीठाच्या 'मूव्हीलेन्स' या चित्रपट-अभिप्रायांच्या संकेतस्थळावरची. २००४ मधील एका प्रयोगात सदस्यांना पत्रे पाठवली गेली. काहींना कळवले की तुमची आवड इतरांहून निराळी आहे, तुम्ही दिलेला अभिप्राय दुसरे कोणी देऊ शकणार नाही. अशा सदस्यांनी अधिक चित्रपटांवर अभिप्राय दिले. तुमच्या अभिप्रायाने सर्वांचा किती फायदा होतो हे सांगणाऱ्या पत्रांचा मात्र तसा उपयोग झाला नाही. लोककल्याणाची पत्रके काढणाऱ्या संस्थांनी, आणि आम्ही धरून सर्व महाविद्यालयांनी, हा निष्कर्ष सूचनाफलकावर लावण्याजोगा आहे.

या सर्वांतून आम्हांस जे वाटते ते असे. आपल्याजवळ असलेली एखादी लहानशी गोष्ट अमुक एका माणसाला आत्ता हवी आहे, आणि ती आपल्याखेरीज दुसऱ्याकडून त्याला मिळण्याजोगी नाही, ही जाणीव माणसाला लिहिते करते. त्या माणसाचे नाव माहीत असण्याची गरज नसते. तो पुढच्या फलाटावर उभा आहे, एवढी खात्री पुरते. कीर्ती, परोपकार, भाषाप्रेम ही कारणे आपण नंतर, कोणी विचारल्यावर देतो.

हे वर्तन संगणकाने निर्माण केलेले नाही. बदलापूरच्या आसपासच्या भातशेतीच्या गावांत लावणीच्या दिवसांत 'सावड' असे. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. देशावर नांगरणीसाठी 'इर्जिक' घालत. शेजारी आपापली औते घेऊन येत आणि यजमान त्यांना जेवू घाली. या व्यवहारात मजुरी नसे, पण हिशेब नसे असे मात्र नाही. कोण आले नाही, कोण उशिरा आले, कोणाच्या घरचे जेवण बेताचे होते, हे वर्षभर लक्षात राही. आज त्या प्रथेविषयी लिहिताना आपण तिला निर्मळ परोपकाराचे रूप देतो, ते बरोबर नाही. तीत पाऊस होता, घाई होती, आणि आपले रोप सुकण्याच्या आत शेजारी यावा ही गरज होती. या शब्दाच्या शेजारीच आपल्या भाषेत दुसरा शब्द आहे, 'वेठ'. वेठीच्या कामातही मजुरी नसे. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्हीकडे माणसे वाकून फुकट राबताना दिसली असती. भेद एवढाच की सावडीला आलेल्या माणसाला खाचर कोणाचे आहे हे ठाऊक असे, आणि पुढचे खाचर आपले असणार हेही.

आम्ही विद्यार्थ्यांना वेठीस धरले होते. दहा गुणांची मजुरी लावल्याने वेठ कमी झाली नाही, उलट पक्की झाली. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवावयास दिली होती. ज्यांना त्यासाठी पैसे मिळाले, ते पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे पूर्वीइतके वळले नाहीत. आमच्या बेचाळीस जणांपैकी गुणपत्रिका लागल्यावर एकही जण विकिपीडियाकडे वळला नाही. आणि आमच्या वेठीचा भार शेवटी कोणावर पडला? रात्री अडीचपर्यंत जागणाऱ्या त्या अनोळखी माणसावर. तो स्वतःच्या इच्छेने सावडीला आला होता, आणि आम्ही त्याच्या खाचरात बेचाळीस गुरे सोडून मोकळे झालो.

सर्व बक्षिसे वाईट, असा मात्र निष्कर्ष काढता येणार नाही. २०१२ मधील एका अभ्यासात इंग्रजी विकिपीडियावर सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का सदस्यांतून काहींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून 'बार्नस्टार' नावाचे पदक दिले गेले. पदक म्हणजे चर्चापानावर लावलेले एक चित्र, त्याची किंमत शून्य. तरी पुढील नव्वद दिवसांत त्यांचे काम इतरांच्या तुलनेत सुमारे ६० टक्क्यांनी अधिक भरले. ते पदक सहकाऱ्याने दिले आहे असे त्यांना वाटत होते. गुण वरून येतात, पदक शेजारून येते. आमच्या मते सगळा फरक येथे आहे.

अंबरनाथला राहणाऱ्यांस या ठिकाणी शिवमंदिराची आठवण येणे साहजिक आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख तेथे आहे. त्यात शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव येते. भिंतींवरील मूर्ती घडवणारे हात अनामिक आहेत. विकिपीडियाच्या अनामिक लेखकांची तुलना अशा शिल्पकारांशी करण्याचा मोह व्याख्यानांतून वारंवार आढळतो, आणि आम्हीही तो पूर्वी केलेला आहे. आता आम्हांस ती तुलना खोटी वाटते. शिल्पकार त्या कामावर पोट भरत होते. नाव न कोरणे ही त्यांची निवड होती की नाही हे सांगावयास कोणी उरलेले नाही. विकिपीडियावरचा अनामिक मात्र कोणत्याही क्षणी निघून जाऊ शकतो, आणि त्याचे राहणे म्हणूनच स्पष्टीकरण मागते.

त्यापेक्षा जवळचा दाखला केतकरांचा. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ विभाग १९२०च्या दशकात पुरे केले. त्यासाठी त्यांनी कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले. पाठीशी संस्थानिक वा सरकार असते तर हे काम सुखाचे झाले असते असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. तसे झाले असते तर ज्ञानकोश निघाला असता, पण न छापलेल्या विभागांची वाट पाहणारी घरे महाराष्ट्रात निर्माण झाली असती का, याविषयी आम्ही साशंक आहोत. बदलापुरात श्याम जोशी यांनी उभारलेल्या 'ग्रंथसखा' वाचनालयाकडे लोकांनी घरातील जुनी मराठी पुस्तके आणून दिली, तीही याच कारणाने. रद्दीवाला दोन पैसे देतो. परंतु हे पुस्तक नेमके कोणाला तरी हवे होते असे रद्दीवाल्याच्या तराजूकडे पाहून वाटत नाही.

उल्हासनगरमध्ये या गोष्टीला आणखी एक पदर आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांतून हे शहर उभे राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याचे उल्हासनगर असे नामकरण झाले. छावण्यांचे 'कॅम्प एक', 'कॅम्प चार' हे क्रमांक आजही पत्त्यात लिहितात. आमच्या परिचयाचे एक आजोबा पंचाऐंशीच्या पुढचे आहेत. शाळेत ते अरबी वळणाच्या लिपीत सिंधी शिकले. मुलगा देवनागरीत वाचतो. नातवंडे सिंधी बोलतात ती घरापुरती, आणि मोबाइलवर रोमन अक्षरांत लिहितात. सिंधी भाषेस १९६७ मध्ये आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, पण एका कुटुंबातील तीन पिढ्यांस एकमेकांचे पत्र वाचता येत नाही. या आजोबांना नातीने एका समूहात घातले. तेथे शिकारपूरच्या जुन्या बाजाराची छायाचित्रे येतात आणि लोक विचारतात, ही गल्ली कोणती. आजोबांना टंकता येत नाही. ते बोलून ध्वनिमुद्रण पाठवतात. या दुकानापुढे उजवीकडे वळले की हलवायाचे दुकान, त्याच्या वर अमुकांचे घर. समूहातील चारशे माणसांत ती गल्ली पायांनी चाललेली अशी माणसे दोन-तीनच उरली आहेत. नात सांगते की आजोबा सकाळी चहाच्या आधी मोबाइल मागतात. औषध वेळेवर घ्यावयास सांगून ते ऐकत नाहीत, पण रात्री कोणी प्रश्न विचारला असेल तर उत्तर द्यावयाचे राहू नये याची त्यांना चिंता असते. मिनेसोटाचा तो प्रयोग आम्ही नातीला समजावून सांगितला तेव्हा तिला त्यात विशेष असे काही वाटले नाही.

संकटात ही प्रेरणा सर्वांत शुद्ध रूपात दिसते. २६ जुलै २०१९च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान चामटोलीजवळ पुरात अडकली. उल्हास नदीचे पाणी रुळांच्या वर चढले होते. गाडीत सुमारे १०५० प्रवासी होते. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, हवाई दल, रेल्वे सुरक्षा दल, पोलीस आणि गावकरी यांच्या प्रयत्नांनी सर्वांची सुटका झाली. डब्याच्या दारातून काढलेली ती चित्रे आणि मदतीच्या हाका सकाळपर्यंत महाराष्ट्रभर पोहोचल्या होत्या. अडकलेल्या माणसाने हाक मारावी यात नवल नाही. त्या सकाळी बदलापुरातल्या आमच्या समूहांवर ज्यांचे कोणीही त्या गाडीत नव्हते अशी माणसे कोणता रस्ता खुला आहे, चादरी व कोरडे कपडे कोठे पोहोचवावयाचे, हे कळवत होती. त्यांतील एक गृहस्थ, जे एरवी केवळ सुप्रभाताची फुले पाठवण्यासाठी प्रसिद्ध होते, त्या दिवशी चार तास न थांबता पाण्याची पातळी कळवत राहिले. त्यांचे घर उंचावर होते, आणि खिडकीतून नदी दिसत होती. ती त्यांच्याखेरीज आमच्यापैकी कोणालाच दिसत नव्हती.

पण हीच प्रेरणा अफवाही पसरवते, आणि हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतील दोन लहान मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघड झाल्यावर २० तारखेस बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले आणि सुमारे दहा तास गाड्या थांबल्या. तो संताप खरा होता, आणि ज्या यंत्रणांनी आधी ऐकले नाही त्यांना ऐकवण्याचा दुसरा मार्ग लोकांस दिसत नव्हता. मोबाइलवरून निरोप गेला आणि माणसे आली. मात्र त्याच दोन-तीन दिवसांत मुलींच्या प्रकृतीविषयी नाही नाही ते मजकूर फिरले, पोलिसांना खुलासे करावे लागले, आणि शहरातील इंटरनेट सेवाही काही काळ बंद ठेवण्यात आली. ते मजकूर पुढे पाठवणारे दुष्ट होते असे आम्हांस म्हणवत नाही. आमच्या ओळखीचेच होते. आपल्याला आधी कळले आहे, दुसऱ्याला अजून कळलेले नाही, आणि त्याला ते आत्ता हवे आहे: 'जलद कर्जत वांगणीला उभी' लिहिणाऱ्याच्या मनात जे असते तेच येथेही होते. फरक असा की गाडी वांगणीला नसेल तर पाच मिनिटांत दहा जण तसे लिहितात, आणि खोटे सांगणाऱ्याची दुसऱ्या दिवशी थट्टा होते. त्या तीन दिवसांत खातरजमा करून सांगणारा कोणी समूहात नव्हता. जे जवळून जाणत होते ते बोलण्याच्या स्थितीत नव्हते, आणि बोलू नयेत हेच योग्य होते.

आणखी एक आक्षेप आमच्यातील एका सहकाऱ्याचा आहे. त्यांचे म्हणणे असे की सावड वगैरे शब्द ठीक, परंतु खाचर कोणाचे? प्रवासी गाडीची खबर फुकट देतात, त्यामुळे अ‍ॅप वापरणारे वाढतात, आणि जाहिरातींचे उत्पन्न प्रवाशांत वाटले जात नाही. फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप यांच्याविषयी तर बोलावयासच नको. माणसाच्या या जुन्या प्रेरणेवर कोणी तरी बांध घालून पाणी आपल्या शेतात वळवले आहे. या आक्षेपास आमच्याजवळ पुरते उत्तर नाही. विकिपीडिया जाहिराती घेत नाही आणि ना-नफा संस्था तो चालवते, म्हणून तेथे काम करावे असे आम्ही म्हणतो. सहकारी हसतात आणि विचारतात की मग विद्यार्थी तेथे का जात नाहीत. त्यांचा आक्षेप बरोबर असूनही प्रवासी उद्या सकाळी पुन्हा लिहिणार आहे. त्याला खाचराचा मालक दिसत नाही, पुढच्या स्थानकावरचा माणूस दिसतो.

आता स्वतःविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांच्या बढतीसाठी 'एपीआय' या नावाने गुणांची पद्धत आणली. शोधनिबंधास गुण, चर्चासत्रास गुण, पुस्तकास गुण. पुढील काही वर्षांत मराठीत शोधनिबंधांचा जो पूर आला तो ग्रंथालयांनी पाहिलेला आहे. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके निघाली, आणि २०१९ मध्ये आयोगाला 'केअर' नावाची निवडक नियतकालिकांची यादी आणावी लागली. आमच्या बेचाळीस विद्यार्थ्यांनी दोन तासांत जे केले तेच आम्ही दहा वर्षे करत होतो. आमच्यापैकी एकीने त्या काळात नऊ निबंध छापले. त्यांतील एकावरही, अनुकूल वा प्रतिकूल, एका ओळीचे पत्र आले नाही. तिने मध्यंतरी एका दिवाळी अंकात आगरी लग्नगीतांवर लहानसा लेख लिहिला, त्याला शून्य गुण होते. त्यावर मुरबाडच्या एका बाईंचा फोन आला. तुम्ही दिलेले गाणे आमच्याकडे वेगळे म्हणतात, लिहून घ्या. ते संभाषण पाऊण तास चालले. विद्यार्थ्यांना 'ते कोण वाचणार' या प्रश्नाबद्दल खडसावण्याचा अधिकार आम्हांला होता का, हे वाचकांनीच ठरवावे.

गेल्या वर्षी आम्ही कार्यशाळा पुन्हा घेतली. गुण ठेवले नाहीत. हजेरीही ठेवली नाही. यावरून विभागात दोन दिवस वाद झाला आणि तो मिटला असे म्हणता येणार नाही. लेखकांची चरित्रे दिली नाहीत. आपल्या गावाविषयी, स्थानकाविषयी, पाड्याविषयी विकिपीडियावर काय लिहिले आहे ते वाचा, चुकले असेल तर दुरुस्त करा आणि कोठून कळले ते नोंदवा, एवढेच सांगितले. बारा जण आले. एकाने आपल्या गावाचे नाव चुकीचे लिहिलेले आढळल्याने तास संपल्यावरही उठण्यास नकार दिला. एकीने बारवी धरणाजवळील गावांविषयी चर्चापानावर प्रश्न विचारला, आणि तिला तिसऱ्या दिवशी कोणा अनोळखी सदस्याकडून दोन ओळींचे उत्तर व 'धन्यवाद' आले. ते तिने वर्गात सर्वांना दाखवले. दुसऱ्या शनिवारी, कोणी न बोलावता, सात जण आले. सहकारी म्हणाले, बेचाळीसचे सात झाले.

वर्षअखेरीस कार्यालयाने कार्यक्रमाचा अहवाल मागितला. स्थळाची नोंद असलेली छायाचित्रे जोडावयाची होती, ती आम्ही काढण्यास विसरलो होतो. लाभार्थींची संख्या लिहिण्यासाठी रकाना होता. कार्यालयातील लिपिकाने सुचवले की पहिल्या दिवसाचे बारा आणि दुसऱ्या दिवसाचे सात मिळून एकोणीस लिहावे, तसे सर्व विभाग लिहितात. आम्ही सात लिहिले.